दुधाशिवायचं बाळंतपण

परवा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. खांद्यावर टॉवेल, टॉवेलवर दोन-अडीच महिन्यांचं बाळ आणि कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत दुधाचे वाळलेले ओघळ. माझी सई तेव्हा वजनकाट्यावर चढण्याच्या खटपटीत होती. तिच्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "इसका भी यही हाल था।" त्या मुलीनं एवढंच विचारलं, "आपने क्या खाना छोड़ा था?" मी "दूध" म्हणाले आणि तेवढ्यात तिचा नंबर लागला.

"दूध" हे उत्तर बरोबरच आहे. पण ते दूध आमच्या घरातून बाहेर काढताना काय काय झालं, ते त्या एका शब्दात मावत नाही. म्हणून लिहायला बसले. यात औषधांची नावं मिळणार नाहीत. तुमच्या बाळाचं कारण हेच असेल असंही नाही. बऱ्याच बाळांच्या आयांना काहीही सोडावं लागत नाही, बाळं आपोआप बरी होतात. ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

सगळीच बाळं टाकतात

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर दिल्लीला आले, द्वारकेत राहते. नवरा अजय केंद्र सरकारच्या नोकरीत, मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात. माझं काम म्हणजे खराब निघालेला पार्ट हातात घ्यायचा आणि तो का खराब निघाला ते शोधायचं. तिथला एक नियम माझ्या अंगात मुरलाय: एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. घरात मी हा नियम सांगायला लागले की अजय हात जोडतो.

बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं, तेव्हा आईच दिल्लीला आली. सोबत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा आणि आमच्या घरचे सगळे नियम. त्यातला पहिला नियम, सव्वा महिना बाळंतिणीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मला हा नियम मनापासून पटला. कोणी गरम ताट हातात आणून देत असेल तर मी पूर्णपणे परंपरेच्या बाजूची आहे.

सई जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. तिसऱ्या आठवड्यापासून ती दूध टाकायला लागली. ओठांच्या कडेनं थोडंसं येतं तसं नव्हे, चांगलं धारेनं. पाजून झालं की पाठीची कमान करायची, लालबुंद व्हायची, रडून रडून तिचा आवाज बसायचा. पुढे पुढे भूक लागलेली असली तरी जवळ घेतल्याबरोबर तोंड फिरवायला लागली. मला ते फार लागायचं. लेकरू उपाशी आहे, माझ्याकडे दूध आहे, आणि ते मला बघून रडतंय.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आईनं बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. समोरच्या फ्लॅटमधल्या सुनीता भाभी हरियाणाच्या. त्या म्हणाल्या, "छोरी नै नज़र लाग गी।" साताऱ्याहून आत्यानं फोनवर निकाल दिला, "सगळीच बाळं टाकतात. तू पण टाकायचीस." मीसुद्धा स्वतःला तेच सांगत होते.

मग लस द्यायला गेलो. नर्सनं सईला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, तिला उचललं आणि पुन्हा ठेवलं. वजन मागच्या वेळेपेक्षा कमी भरलं होतं. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली.

भरती

त्याच दिवशी सईला भरती करून घेतलं. जठराच्या खालच्या तोंडाशी अडथळा आहे का ते बघायला सोनोग्राफी झाली. अडथळा नव्हता. सलाईनसाठी शीर सापडेना, तेव्हा मला बाहेर उभं केलं आणि दारातून मी तिचं रडणं ऐकत राहिले. अजय संकटात काहीतरी आणणारा माणूस आहे. त्यानं पाणी आणलं, चहा आणला, मग परत पाणी आणलं. शेवटी मी त्याच्यावर खेकसले आणि लगेच वाईट वाटलं.

वॉर्डातला दिवस म्हणजे वजनांचा दिवस. बाळाचं वजन, ओल्या डायपरचं वजन, पाजण्याआधीचं वजन, नंतरचं वजन. मधल्या वेळात सईला खांद्याशी उभं धरून बसायचं. शेजारच्या खाटेवर फरीदाबादहून आलेली एक बाई होती, तिच्या मुलाला न्यूमोनिया झालेला. माझ्या अंगाला आंबूस वास येत होता आणि मला तो कळतही नव्हता. तिला कळला असणार. ती उठून आली आणि म्हणाली, "दीदी, जा, नहा ले। मैं पकड़ती हूँ इसे।" त्या दोन-तीन दिवसांत याहून मोठा उपकार माझ्यावर कुणी केला नाही.

डॉक्टर मॅडम भराभर बोलणाऱ्या होत्या. "रिफ्लक्स, मतलब दूध ऊपर आना, बहुत बच्चों को होता है। हम इसलिए बैठे हैं क्योंकि इसका वज़न रुका है।" त्यांना शंका होती ती माझ्या खाण्यातल्या दुधाची. गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन आईच्या दुधातून थोडं थोडं उतरतं, ते काही बाळांना सोसत नाही. "दूध, दही, पनीर, घी, मक्खन, छाछ, मिठाई, सब बंद। दो-तीन हफ्ते।"

"मॅडम, चाय में थोड़ा सा?" अजयनं विचारलं. चहा मी पिते, प्रश्न त्याला पडला.

"थोड़ा सा भी नहीं।"

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कारण सापडलं म्हणजे निम्मं काम झालं असं आमच्या कारखान्यात मानतात. आईचा मात्र चेहरा उतरला. लिफ्टमध्ये ती मला हळूच म्हणाली, "बाळंतिणीचंच दूध बंद? मग तुला दूध येणार कुठून गं?"

कोरडं ताट

आईनं तरीही सगळं ऐकलं, हे मला आधीच सांगून ठेवायला हवं. डिंकाचे लाडू तुपातले होते, ते तिनं डब्यासकट सुनीता भाभींकडे पोचवले. अळिवाची खीर बंद करून ते नारळाच्या पाण्यात भिजवून लाडू केले. वरणभातावर तुपाऐवजी तेलाची धार धरताना तिचा हात अडखळायचा. "बाळंतिणीला असं कोरडं वाढायचं म्हणजे," असं म्हणून ती वाक्य अर्धवट सोडायची. मी कोरा चहा प्यायला शिकले. अजय बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं दुकानात उभा राहून वाचायचा आणि घरी येऊन जाहीर करायचा, "यार, ह्यात पण दूध! ब्रेडमध्ये पण दूध! या देशात बिनदुधाचं काही आहे की नाही?"

सुनीता भाभींना हे सगळं वेडेपणाचं वाटलं. "दूध छुड़वा दिया? पागल सै के डॉक्टरनी?" पण लाडू त्यांनी परत केले नाहीत.

सव्वा महिना कधीच उलटून गेला होता, पण थंडी पडली होती आणि आई मला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. "फरशी गार आहे, अंगात वारं जाईल." मी पलंगावर बसायचे, ताट समोर यायचं. रोज मी विचारायचे, "आई, कशात दूध नाही ना?" आणि ती रोज सांगायची, "नाही गं बाई, एक थेंब नाही."

ठरलेली मुदत संपली आणि सई जशीच्या तशी होती. उलट्या तेवढ्याच, रडणं तेवढंच, वजन मुंगीच्या पावलानं. डॉक्टर मॅडमनी या वेळी खुर्ची पुढे ओढली. "आपने पक्का सब छोड़ा है?" मी बिल्कुल पक्कं असल्याचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या की आणखी एक संधी घेऊ, पुढच्या भेटीपर्यंत वजन वाढलं नाही तर माझं दूध थांबवून सईला खास पावडरचं दूध सुरू करू. बऱ्याच मुलांना ते द्यावं लागतं आणि ती छान वाढतात, असंही त्यांनी सांगितलं.

ते खरंच आहे. कुणावर ती वेळ आली असेल तर तिनं स्वतःला अजिबात दोष देऊ नये. पण मला पाजायचं होतं. दुसरं कुठलंही काम त्या दिवसांत मला धड जमत नव्हतं, हे एक तरी जमावं असं वाटत होतं. परतताना गाडीत मी रडले. सई मात्र पूर्ण रस्ताभर झोपली.

आई आजारी पडली

त्याच आठवड्यात आईला ताप भरला. दिल्लीची थंडी तिला बाधणार हे दिसतच होतं. बाळाला लागू नये म्हणून ती मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि आतून सूचना द्यायला लागली. वरणभात अजयला येतो. भाजी मी टाकायची. पोळ्यांचं काय, हा प्रश्न सुनीता भाभींनी सोडवला. दोन्ही वेळेला त्यांच्याकडून फुलके यायचे, कोरडे, बिनतुपाचे. "तेरे कहने तै घी नहीं लगाया, मेरा जी ही जाणै सै," म्हणत त्या डबा ठेवून जायच्या.

आईचं दुखणं आठवडाभर रेंगाळलं. ताप गेला, पण अशक्तपणा जाईना. आणि त्याच आठवड्यात सई बदलत गेली. आधी रडणं कमी झालं. मग एका दुपारी ती पूर्ण प्यायली, ढेकर दिला आणि माझ्या खांद्यावर टॉवेल कोरडाच राहिला. मी अजयला ऑफिसात फोन करून तो कोरडा टॉवेल सांगितला. तो मीटिंगमध्ये होता, तरी "अच्छा! अच्छा!" असं दोनदा मोठ्यानं म्हणाला.

आम्हाला वाटलं, दुधाच्या पथ्याचा गुण उशिरा आला. आई उठली, न्हाली आणि पुन्हा ओट्याशी उभी राहिली. किती दिवसांनी घरची मऊसूत पोळी खाल्ली म्हणून मी एक जास्तच घेतली. दोन-तीन दिवसांत सई पुन्हा कमान करून रडायला लागली.

आता क्वालिटीवाल्या माणसाला गप्प बसवणं अवघड असतं. मधल्या आठवड्यात काय बदललं होतं? औषध तेच, पाजणं तेच, मी तीच. बदलला होता फक्त स्वयंपाक करणारा हात. मी हे जेवताना, अगदी शांतपणे, मुद्द्यासारखं बोलून गेले.

आईनं हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे माझ्या हातचं खाऊन पोर आजारी पडते, असंच ना?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालीस? अजयराव, तुम्हीच सांगा, कसं म्हणाली ती?"

अजय मीठ आणायला उठून गेला. मीठ टेबलावरच होतं.

कणीक

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि सईला खांद्यावर घेऊन बसले. आई स्वयंपाक करत असताना त्या दारात मी पहिल्यांदाच बसत होते.

"तपासणी का माझी?" आई म्हणाली.

"तुझी नाही. तेलाची, मसाल्यांची. कशात काय मिसळलेलं असतं, बघू दे मला."

ती फणकाऱ्यानं कामाला लागली. डबे मुद्दाम आपटून उघडत होती, म्हणजे मला नीट दिसावेत. भाजी फोडणीला टाकली. परातीत कणीक घेतली, मीठ घातलं, तेल घातलं. मग डाव्या हातानं शेगडीशेजारचं पातेलं उचललं आणि कणकेच्या आळ्यात ओतलं. पांढरं शुभ्र.

"आई, हे काय?"

"काय?"

"हे दूध आहे."

"हे कणकेचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, जसं काही मी तिला पाण्याबद्दल विचारलं होतं. "बाळंतिणीला पाण्यातली पोळी वाढतात का कुठे? आपल्याकडे दशमीच करतात. माझ्या आईनं मला केली, मी तुला केली. तूप नाही, दूध नाही, निदान पोळी तरी मऊ असू दे तुझी. आणि हे काय तू पितेस का? पिठात गेलं, तव्यावर भाजलं, मग दूध कुठे राहतं त्यात?"

खोटं ती बोललीच नव्हती. तिच्या लेखी दूध म्हणजे पेला, वाटी, खीर. साताऱ्याच्या घरी प्रवासाला निघायचं असलं की दुधात कणीक भिजवून दशम्या होतात, टिकतात म्हणून, आणि बाळंतिणीला होतात, मऊ म्हणून. त्या मी जन्मभर खाल्ल्या. इथेही महिनाभर दोन्ही वेळेला खात होते, आणि पोळी इतकी मऊ कशी हा प्रश्न मलाही पडला नव्हता.

आई परातीकडे बघत राहिली. मग सईकडे बघितलं. सई नेमकी त्याच वेळी माझ्या खांद्यावर ओकली.

"म्हणजे मीच घालत होते होय गं तिच्या पोटात," आई म्हणाली आणि पिठाचे हात तसेच डोळ्यांना लावून रडायला लागली. माझी आई बाबांच्या ऑपरेशनला रडली नव्हती.

मला रागही आला होता, तो मी नाकारत नाही. महिनाभराचं सईचं रडणं डोळ्यांसमोरून गेलं. पण तिच्या गालांवर कणीक लागली होती आणि ती इतकी लहान दिसत होती की राग टिकेना. मी म्हटलं, "तू मला घालत होतीस आई. मी उपाशी राहू नये म्हणून. पुढचं तुला कुठे माहीत होतं?" तिनं सईला घेण्यासाठी हात पुढे केले, मग हातांकडे बघितलं आणि आधी धुवायला गेली.

ती कणीक टाकायला तिचं मन होईना. अजयनं दोन दिवस एकट्यानं दशम्या खाल्ल्या.

वातड पोळ्या

त्यानंतर आईनं पाण्यात कणीक भिजवली. पोळ्या सुरुवातीला वातड झाल्या, मग बऱ्या झाल्या. ती दर वेळी परात मला दाखवायला आणायची. नको म्हटलं तरी आणायची. "बघ बाई, पाणीच आहे." त्यानं मला किती वाईट वाटायचं, ते मला तिला सांगता येईना.

सई आठवड्याभरात निवळली. पुढच्या भेटीला काट्यावर नर्सनं तिला एकदाच ठेवलं. डॉक्टर मॅडमनी आकडा बघितला आणि हसल्या, "गुड। फ़ॉर्मूला रहने दीजिए।" मी त्यांना दशमीची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, एका घरात बाळाची आई सोडून बाकी सगळ्यांनी दूध बंद केलं होतं, त्यामानानं आपलं बरं.

आई वसंत पंचमीनंतर साताऱ्याला गेली. रेल्वेच्या प्रवासाला आमच्याकडे दशम्याच नेतात. मी म्हटलं, "मी करून देते, तू सांग कशा करायच्या." तर ती "नको" म्हणाली आणि पुऱ्या तळून घेतल्या. नंतर बाबांकडून कळलं, घरीसुद्धा तिनं दशम्या करायचं सोडलं होतं. बाबा कुरकुरत होते, ती ऐकत नव्हती. मी फोनवर कितीदा सांगितलं, आता सई ठणठणीत आहे. ती विषय बदलायची.

पुन्हा दूध

सई रांगायला लागली, खिमट खायला लागली. एका भेटीत डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता आपण दूध परत सुरू करून बघू. आधी माझ्या खाण्यात, हळूहळू. मी कोऱ्या चहाच्या जाचातून सुटणार म्हणून खूश झाले.

"गिलास नहीं," त्यांनी बोट उगारलं. "सबसे पहले वो दूध जो आटे में गूँथा हो और अच्छे से सिका हो। आँच से दूध बदल जाता है, बच्चों को वो सबसे पहले सहन होता है। वो ठीक रहा, तब आगे।"

मग मला हसू आवरेना. सईसुद्धा काही न कळता हसायला लागली.

घरी येऊन मी आईला फोन लावला. "आई, दशमीला दूध किती घ्यायचं?"

"कशाला?" तिनं सावधपणे विचारलं.

"डॉक्टरांनी खायला सांगितली आहे. मला."

"चेष्टा करू नकोस."

मी तिला शब्दन् शब्द सांगितला. तिनं तो परत सांगायला लावला. मग तिचा आवाज बदलला. दूध कोमट घे, एकदम ओतू नकोस, तेलाचा हात लाव, मंद आचेवर भाज. मी तिला म्हटलं, आधी अर्धीच खाणार आहे. ती म्हणाली, "अर्धी तर अर्धी, पण नीट कर."

मी केली. माझी पहिली दशमी, आकार विचारू नका. अर्धी खाल्ली आणि सईकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. ती मजेत दूध प्यायली आणि तिनं अजयचा चष्मा ओढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी, मग पूर्ण. टॉवेल कोरडा. चांगला आठवडा गेल्यावरच आईला कळवलं.

"बघ," ती म्हणाली, "तेव्हाच म्हटलं नव्हतं मी? भाजल्यावर दूध राहत नाही त्यात."

"राहतं, आई. तेव्हा तिला सोसत नव्हतं, आता सोसतं."

"तेच ते," ती म्हणाली. मग फोन तोंडापासून लांब गेला आणि तिचा आवाज मला घरातल्यासारखा ऐकू आला.

"अहो, उद्या दूध जरा जास्त आणा."